खिळा कोणाचा?

सागाच्या चौकोनी तुकड्यातून बँडसॉवर गोल पोळपाट कापायचा, तर सगळा भरवसा दोन हातांवर. रेघ सुटली की पोळपाटाचा बटाटा होतो. माझे पहिले 4 तसेच झाले. शेजारचे सुतारकाका मात्र गप्पा मारत रेघेवरून लाकूड फिरवायचे. म्हणून गोल कापायचं काम मी त्यांनाच द्यायचो. नगाला 40 रुपये.

मग मी जिग बनवायला घेतला. जिग म्हणजे साधा साचा. प्लायवूडची एक फळी, तिच्याखाली टेबलाच्या खाचेत सरकणारी पट्टी आणि पात्यापासून 5 इंचांवर एक उभा खिळा. लाकडाला खालून मध्यावर छोटं भोक पाडायचं, ते खिळ्यावर बसवायचं, फळी पुढे सरकवायची आणि लाकूड फिरवायचं. 10 इंचांचा गोल तयार.

पण गोल जुळेचना. फिरून सुरुवातीला येईपर्यंत पातं 2 मिलिमीटर सरकलेलं असायचं. दुपारभर मी झटापट केली. शेवटी काका आले, वाकून बघितलं. "अरे, खिळा दातांच्या मागे जातोय. दातांच्या बरोबर रेषेत पाहिजे. फळी तिथंच थांबेल असा ठोकळा लाव."

ठोकळा लावला. पुढचा गोल जुळला. काका हसून म्हणाले, "आता माझं काय काम?" मला हसता आलं नाही.

डेव्हिड पाय या ब्रिटिश कारागीर-लेखकाने 1968 च्या पुस्तकात कारागिरीचे दोन प्रकार सांगितलेत: जोखमीची आणि खात्रीची. पहिलीत काम बिघडण्याची शक्यता शेवटपर्यंत असते. दुसरीत निकाल आधीच ठरलेला असतो. माझा जिग खात्रीचा. पण ही खात्री आली कुठून? काकांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या जोखमीतून. ती त्यांनी मला एका मिनिटात दिली, आणि त्याच मिनिटात त्यांचे 40 रुपये गेले.

मी स्वतःची समजूत घातली. ज्ञान कोणाच्या मालकीचं नसतं. काकाही कोणाकडून तरी शिकलेच असतील. शिवाय त्यांनी आपणहून सांगितलं. हे सगळं खरं आहे. तरी एक गोष्ट उरतेच: त्यांनी शेजाऱ्याला मदत केली होती, स्वतःचा पर्याय विकला नव्हता. कोणी न मागता दिलं, म्हणजे घेणाऱ्यावर काहीच देणं राहत नाही का?

माझ्या प्रत्येक पोळपाटाच्या पोटाशी खिळ्याचं भोक असतं. पोळ्या लाटणाऱ्याला ते दिसत नाही. वर मात्र माझ्या नावाचा 'हाताने बनवलेला' स्टिकर असतो. कोणाच्या हाताने?

आठवडाभर घोळवून मी काकांकडे गेलो. "जिगवर कापलेल्या प्रत्येक नगामागे तुम्हाला 10 रुपये देईन," म्हटलं. वाटलं होतं, ते भारावतील, नाही तर "असू दे रे" म्हणतील.

त्यांनी रंधा खाली ठेवला. "15 दे. आणि महिन्याला किती नग होतात ते लिहून ठेवत जा."

मी नैतिक प्रश्न घेऊन गेलो होतो. त्यांना तो मजुरीचा वाटला. आता वहीत नग लिहिताना वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.