पाचनईची वाट, नळीची वाट

हरिश्चंद्रगडावर जायला वाटा पुष्कळ. अकोले तालुक्यातल्या पाचनईहून निघालं, की कड्याच्या पोटाखालून जाणारी वाट अडीच-तीन तासांत देवळापाशी आणून सोडते. शाळकरी मुलं आणि साठी उलटलेले आजी-आजोबाही ती चढतात. जुन्नरच्या बाजूच्या खिरेश्वरहून तोलारखिंडीतून यायचं, तर कातळटप्पा लागतो. तिथे आता रेलिंग आहे, तरी दम निघतोच. तिसरी मुरबाडकडच्या बेलपाड्याहून निघणारी नळीची वाट. तिला वाट म्हणणंही धाडसाचं आहे. गडाच्याच कोकणकड्याच्या बगलेतली ती दगडधोंड्यांनी भरलेली घळ. मध्येच उभे कातळटप्पे, पायाखालून सटकणारा घसारा. सॅकमध्ये रोप हवा आणि पुढे गावातला वाटाड्या. उजाडायच्या आत निघालेली माणसं उन्हं उतरताना माथ्यावर पोचतात.

संध्याकाळी तिन्ही वाटांची माणसं त्याच कोकणकड्यावर बसलेली असतात. त्यांतलं कोणाचं साहस मोठं, हे वाटेच्या अवघडपणावरून ठरवणं चूक आहे. पाचनईहून आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढून आलेल्या बाईने त्या दिवशी ओलांडलेली भीती नळीच्या वाटेने दहाव्यांदा आलेल्या पोराच्या भीतीहून मोठी असू शकते.

या कड्यावर काठाशी उभं राहायचं नसतं. पालथं पडून पुढे सरकायचं आणि मागच्याने पाय धरायचे. छातीला कातळाचा गारवा लागतो. हनुवटी काठाबाहेर गेली, की दरीतून वर येणारा वारा थेट तोंडावर आदळतो. कडा आत वळलेला असल्यामुळे पोटाखालची भिंत दिसतच नाही. एकदम खोलवरचं कोकणातलं रान दिसतं. अशा जागी जे वाटतं, त्याला डोंगरभटक्यांनी ‘दृष्टिभय’ असा नेमका शब्द घडवला आहे. शरीर सुरक्षित असतं, डोळे मात्र ते मानत नाहीत. कोणी आणखी वीतभर पुढे सरकतो, कोणी मुकाट्याने मागे येतो. मागे आलेला तोच माणूस थोड्या वेळाने गडावरच्याच केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गारठलेल्या पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालतो, आणि बाहेर येतो तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला असतो.

आपलं काय नि आपलं काय नाही, हे असं अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. फोटो पाहून तर नाहीच.

गो. नी. दांडेकरांनी गडकोटांवर आयुष्यभर भटकंती केली. राजगडावर ते पुन्हा पुन्हा गेले, दिवसेंदिवस मुक्काम करून राहिले. नवनवी शिखरं मोजण्यापेक्षा ओळखीच्याच गडाशी आणखी ओळख वाढवण्याचा हा ध्यास. सुरेंद्र चव्हाणांचा ध्यास वेगळा होता. १९९८ साली एव्हरेस्टवर पोचलेले ते पहिले महाराष्ट्रीय. दोघांपैकी एकाची निवड करायला कोणी सांगितलेलं नाही, पण आज साहस म्हटलं की फक्त दुसरंच डोळ्यांसमोर येतं, याचं वाईट वाटतं.

समुद्रावरची एक गोष्ट याहून बोलकी आहे. एखाद्या भारतीयाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं स्वप्न. नौदलातल्या दिलीप दोंदे यांनी ते अंगावर घेतलं. ५६ फुटी होडी गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली आणि गोव्याच्याच नदीवरून तिचं नाव ‘म्हादेई’ ठेवलं. होडी घडताना दोंदे तिथे होते. भर समुद्रात काही मोडलं तर दुरुस्त करायला दुसरं कोण असणार? मार्गदर्शनाला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन होते, १९६९ मध्ये एकट्याने आणि न थांबता जगप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले खलाशी. त्यांची ‘सुहेली’ मुंबईतच सागवानात बांधलेली. दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. त्यांच्या तयारीत मदतीला असलेले अभिलाष टॉमी २०१२मध्ये त्याच म्हादेईतून निघाले आणि कुठेही न थांबता मार्च २०१३अखेर मुंबईला आले. होडी तीच, समुद्र तोच. तरी दोघांच्या वाटा पाचनई आणि नळीइतक्या वेगळ्या होत्या, आणि पहिली झाल्यावाचून दुसरी होणार नव्हती.

या वाटांवर माणसं मरतात, हेही लिहायलाच हवं. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावरच्या मोहिमेत मृत्यू झाला. अनेक दशकांचा अनुभव असलेल्या माणसालाही डोंगर अभय देत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती तर नुसती पावसाळी सहलीला आलेली. वरच्या डोंगरात सर आली, की ओढ्याचं पाणी काही मिनिटांत चढतं, हे सह्याद्रीतल्या गावकऱ्याला ठाऊक असतं आणि शहरातून आलेल्याला नसतं. अशा वेळी ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक दोर घेऊन दरीत उतरतात. त्यांच्याइतकं खरं साहस आजच्या महाराष्ट्रात थोडंच असेल.

म्हणून शिकण्याला पर्याय नाही. प्रस्तरारोहणाच्या शिबिरात पहिल्या सकाळी कोणी कड्याला हातही लावू देत नाही. आठाची गाठ बांधा, सोडा, पुन्हा बांधा. कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बंद झाला का, हे बोटांनी दाबून बघा, मग जोडीदाराकडून तपासून घ्या. कंटाळवाणं वाटतं. पण पहिल्या रॅपलिंगला पाठ दरीकडे करून हार्नेसवर भार टाकायची वेळ येते, तेव्हा विश्वास ठेवायला हाताशी ती गाठच असते. तिथेही एखाद्याला आपण दोरावर लोंबकळायला जन्मलेलो नाही हे उमगतं, आणि तो पुढे वर्षानुवर्षं लेण्यांच्या आणि घाटवाटांच्या शोधात रमतो. उतरायला नको म्हणणाऱ्याची टिंगल करणारा लीडर त्या जागेला नालायक आहे.

दिवाळी सरली, की सह्याद्रीतला कातळ सुकतो, गवत पिवळं पडतं, हवा निवळते. ज्यांनी अजून एकही गड पाहिलेला नाही, त्यांनी यंदा पाचनईहून सुरुवात करावी. गावातला वाटाड्या घ्यावा, दोन बाटल्या पाणी आणि रात्री मुक्काम असेल तर चांगली उबदार कांबळी न्यावी. कोकणकड्यावर गेल्यावर पालथं पडावं आणि कोणाला तरी पाय धरायला सांगून एकदा खाली बघावं.