कावळा बसायला आणि...

कावळ्याबद्दल आपल्याकडे कोणी बरे बोलल्याचे ऐकिवात नाही. पण एका प्रकरणात पूर्वजांनी त्याला निर्दोष सोडले आहे. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण म्हणजे कावळ्याच्या बाजूने लागलेला निकालच. फांदी मोडली ती आपल्या कर्माने. कावळा बिचारा नुसता हजर होता. आता एवढा न्याय करणाऱ्याने पुढचा प्रश्न मात्र सोडून दिला. फांदी मोडणार हे आधीच दिसत असेल आणि कावळ्याने वर बिऱ्हाड थाटले असेल, तर काय करायचे?

हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी एका मे महिन्यात पाळामुळांसकट उभा होता. पाळेमुळे म्हणायची इतकेच. अर्धी केबल टाकणाऱ्यांनी खणताना तोडलेली, उरलेल्यांवर गाड्यांच्या सोयीसाठी बुंध्यापर्यंत काँक्रीट. गुलमोहर मुळातच ठिसूळ लाकडाचा. त्यात बुंधा पोकळ, आणि एक दणकट फांदी रस्त्यावर ओणवी झालेली. वरच्या बेचक्यात कावळ्याचे घरटे आणि त्यात चार अंडी. त्यातले एखादे कोकिळेचेही असेल. म्हणजे विनापरवाना पोटभाडेकरू आलाच.

झाड तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. अर्ज करायचा, मग झाडावर नोटीस चिकटते आणि हरकती मागवतात. नोटिशीच्या वर पंधरा फुटांवर राहणाऱ्याला वाचता येत नाही, हा कायद्याचा दोष नव्हे. झाड जिवाला धोकादायक असेल तर परवानगी नाकारू नये, अशी सोयही त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने मात्र एक मेख मारून ठेवली : तोडायच्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावायची. तेव्हापासून झाडाचे वय सांगताना माणसे लग्नाच्या मुलीच्या बापासारखी चाचरू लागली. आमचे चेअरमन त्या गुलमोहराकडे बघून म्हणाले, “तसं कोवळंच आहे हो अजून!”

शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा. त्याने ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणेही येते. झुरळ दिसले तर खुर्चीवर चढणारे आमचे चेअरमन या व्याख्येने एकदम शिकारी होण्याच्या बेतात आले. “अहो, पण कावळा उपद्रवी प्राणी ना?” असे कोणीतरी म्हणाले. होता. पाचव्या परिशिष्टात उंदरांच्या पंगतीला बसवलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेले आणि कावळ्याच्या कपाळावरचा शिक्का पुसला गेला. नोकरीत असे प्रमोशन फार थोड्यांना मिळते.

मीटिंगमध्ये मूळ मुद्दा मांडला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. “माणसाच्या जिवापुढे कावळ्याचा जीव तो काय?” याला उत्तर देणे अवघड. शाळा सुटल्यावर पोरे त्याच फाटकातून धावत येतात. रात्री फांदी कुरकुरू लागली तर ती रात्रीच तोडावी, कावळ्यासाठी मीही थांबणार नाही. पण ताळेबंदात वर्षे घालवलेल्या माणसाला एक भेद दिसल्यावाचून राहत नाही. देणी दोन तऱ्हेची असतात, एक पक्की आणि दुसरी आकस्मिक. आकस्मिक देणी ताळेबंदाच्या खाली टीप म्हणून दाखवतात. बेरजेत धरत नाहीत, पण विसरूही देत नाहीत. फांदी पडेल, कदाचित कोणाच्या डोक्यावर पडेल, हे झाले आकस्मिक देणे. झाड आज पाडले तर चार अंडी फुटतील, हे पक्के. शिवाय घरट्याचा दावा मुदतीचा असतो. अंडी उबायला सोळा-सतरा दिवस, पिल्लू उडायला आणखी तीन-चार आठवडे. की ठेव परत. पंचाईत एवढीच, की तोवर मे सरतो, वळीव कोसळतो आणि जून लागतो. म्हणजे धोक्याचे दिवस आणि घरट्याचे दिवस नेमके एकाच तारखेत पडतात.

मीटिंग संपवून खाली आलो. त्याच फांदीच्या सावलीत काकांची स्कूटर उभी होती. रोजच असते. “सीट तापत नाही हो,” ते म्हणाले.

मला वाटते, सगळा नीतिशास्त्राचा प्रश्न त्या स्कूटरपाशी येऊन थांबतो. धोका खरा वाटत असेल, तर त्याची पहिली किंमत आपण मोजायला हवी. स्कूटर उन्हात लावायची, फाटकाला कुलूप घालून पोरांना मागच्या दाराने वळसा घालून न्यायचे, रस्त्याच्या कडेला दोरी बांधायची, रस्त्यावर ओणवी झालेली तेवढी फांदी हलकी करून मागायची, बुंध्याला टेकू द्यायचा. हे सगळे करूनही भागेना, तर घरट्याला हात घालावा, आणि तेव्हा तो वाईट मनाने का होईना, पण उघड्या डोळ्यांनी घालावा. आपण करतो उलटे. स्वतःची स्कूटर तसूभर न हलवता कावळ्याला घर हलवायला सांगतो आणि त्याला ‘जिवाचा प्रश्न’ म्हणतो. परवानगीचा कागद ‘तोडता येईल का?’ एवढेच सांगतो. ‘आजच तोडले पाहिजे का?’ याचे उत्तर त्यावर छापलेले नसते. तेथे सही आपल्यालाच करावी लागते.

आणि व्यवहारच बघायचा, तर तोही बघा. आज ज्याचे बिऱ्हाड मोडायचे, त्याच्याचपुढे आपली मुलेबाळे एक दिवस हात जोडून उभी राहणार आहेत. दहाव्याला पिंड ठेवून “शिव रे बाबा, शिव” म्हणून विनवणी चालेल. तो फांदीवर बसून मान तिरकी करून बघत राहील. त्या परवानगीला अर्ज नाही, वशिला नाही, आणि हरकत घ्यायचा अधिकार एकट्या त्याचा.