‘अनाथ’ या शब्दातील दोन अभाव

मराठीत ‘अनाथ’ हा शब्द आज बहुधा आईबाप नसलेल्या मुलापुरता उरला आहे. त्याची घटना मात्र अधिक व्यापक आहे: ज्याला नाथ नाही तो अनाथ. धातुपाठात ‘नाथ्’ या धातूचे याचना, उपताप, ऐश्वर्य आणि आशीर्वाद असे अर्थ दिलेले आहेत. म्हणजे मागणारा आणि सत्ता असणारा हे दोघेही एकाच धातूत सामावलेले दिसतात. अथर्ववेदात ‘नाथ’ हे नपुंसकलिंगी नाम ‘आश्रय’ या अर्थाने येते. पुढे ते पुल्लिंगी होऊन रक्षक, स्वामी, पती असे अर्थ धारण करते. आसऱ्याचा मालक झाला तो असा. (अरबी-फारसीतून आलेल्या ‘वाली’ची कहाणीही फारशी वेगळी नाही.)

परिणामी या शब्दात दोन भिन्न अभाव एकवटले आहेत. कोणाचा आधार नसणे ही आपत्ती आहे. कोणाची मालकी नसणे ही आपत्तीच असेल असे नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी संस्था स्थापन केली. तिच्या इंग्रजी नावात ‘विधवा’ हा शब्द सरळ होता. मराठीत ती ‘अनाथ बालिकाश्रम’ झाली. अवहेलनेचा शब्द टाळण्यामागे सौजन्य असेलही, परंतु ज्या शब्दाने तो टाळला त्याने पतीचे नाथपण अबाधितच ठेवले. पंडिता रमाबाईंच्या ‘शारदा सदन’ (१८८९) या नावात हा पेच उद्भवत नाही.

महाभारतात द्रौपदी नाथ असूनही अनाथासारखी आहे. स्वतःला आधी हरलेल्या युधिष्ठिराला तिला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा तिचा द्यूतसभेतील प्रश्न. ज्याचे स्वतःचे काही उरले नाही त्याला दुसऱ्याचे धन पणाला लावता येत नाही, हे भीष्मांना मान्य आहे. पण स्त्री पतीच्या अधीन असते, हेही ते लगेच जोडतात आणि निर्णय टाळतात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) हा प्रश्नच तिच्या हिताचा नव्हता, असे मत मांडले: अधिकार उरतो म्हटले तर दास्य पक्के होते, उरत नाही म्हटले तर तिची अवस्था अधिकच दयनीय होते. समाजस्थितीचे वर्णन म्हणून हे मत खोडून काढणे कठीण आहे. तथापि ते त्याच शब्दाच्या कक्षेत राहते. पतीचा अधिकार संपला की आधारही संपला, हे त्यात गृहीत आहे. द्रौपदीचा प्रश्न नेमके हे गृहीत उसवतो. या प्रश्नात ती आसरा मागत नाही. मालकी कोठून येते, एवढेच विचारते.

बौद्ध परंपरेत या शब्दाला दुसरे वळण मिळाले. श्रावस्तीचा श्रेष्ठी तेथे अनाथपिंडिक, म्हणजे अनाथांना घास देणारा, या नावाने ओळखला जातो. येथे ‘अनाथ’चा अर्थ निराधार एवढाच. धम्मपदातील अत्तवग्ग याहून पुढे जातो आणि नाथपण बाहेरच्या व्यक्तीकडून काढून ज्याचे त्याच्याकडे सोपवतो. पण नाथ तेथेही लागतोच. तो कोण, हे बदलले आहे. ‘अनाथ’ या अवस्थेला तेथेही प्रतिष्ठा लाभलेली नाही.