नव्या गिटारला तडा: दोष सांगायचा कोणी?



गिटार आता चर्चला परकी राहिलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले, पण उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांनाही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी ठेवली. पुढे मराठी मिस्सात पेटी-तबल्याच्या जोडीला गिटारही आली. आज या वाद्याच्या निमित्ताने व्यवहारातल्या एका जुन्या प्रश्नाचा विचार करू या.

समजा, गायनवृंदातल्या एका मुलाने वर्षभर पैसे साठवून कोल्हापूरहून नवी गिटार आणली. दुकानात ती चकचकीत दिसली. घरी आल्यावर खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, तर तारा जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीच्या मागे केसाएवढी चीर दिसली. ही चीर साधी नाही. स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण ७० किलोचा ताण त्याच जागेवर देत असतात. आज केसाएवढी असलेली चीर उद्या पट्टीच उपटून काढू शकते.

अशा वेळी मनात पहिला शब्द येतो, "फसवले!" पण जरा थांबावे. लाकूड पावसाळ्यात फुगते, कोरड्या हवेत आकसते. राधानगरीच्या पावसाची दमट हवा आणि उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीतली उष्णता, दोन्ही त्याला सोसत नाहीत. चीर कारखान्यात पडली असेल, वाहतुकीत पडली असेल, दुकानात पडली असेल किंवा एसटीतून येताना धक्का लागूनही पडली असेल. खात्री नसताना दुकानदाराला लबाड ठरवणे हा आठव्या आज्ञेचा भंग आहे. आणि वाटेत आपल्याच हातून गिटार पडलेली असताना "ती आधीपासूनच अशी होती" असे सांगून बदलून मागणे, हा आठव्या आज्ञेबरोबर सातव्या आज्ञेचाही भंग आहे.

आता समजा, दुकानदाराला चीर ठाऊक होती. ती सांगणे त्याच्यावर बंधनकारक होते का? "झाकली मूठ सव्वा लाखाची" असे आपण म्हणतो आणि बाजारात ती मूठ बहुतेक जण झाकूनच ठेवतात. पण बैलबाजार पाहिलेल्या शेतकऱ्याला विचारा. बैलाचे शिंग मोडलेले असेल तर ते गिऱ्हाइकाला दिसतेच, त्याचा हिशेब किमतीत होतो. पण बैल मारका असेल, किंवा औताला जुंपल्यावर मध्येच बसत असेल, तर ती खोड बाजारात दिसत नाही. ती शेतात कळते आणि तोवर पैसे गेलेले असतात.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच भेद घोड्याच्या उदाहरणाने मांडला. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे समोर दिसते. विकणाऱ्याने किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर त्याने दवंडी पिटण्याची गरज नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला इजा किंवा नुकसान होणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. लंगडा घोडा धावरा म्हणून, मोडकळीला आलेले घर मजबूत म्हणून विकणे ही फसवणूकच होय. या मुद्द्यावर त्यांनी चौथ्या शतकातले मिलानचे बिशप संत अँब्रोज यांचा आधार घेतला आहे. म्हणजे गिटारवरचा वरवरचा ओरखडा आणि आतवर गेलेली चीर यांना एकच माप लावता येत नाही.

"बघून घेणे हे गिऱ्हाइकाचे काम" असे कोणी म्हणेल. कायद्यातही त्याचा काही अंश आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यानुसार, गिऱ्हाइकाने वस्तू तपासून घेतली असेल, तर तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल त्याला पुढे सहसा तक्रार करता येत नाही. १९८६ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाची बाजू बळकट केली. तरीही कायदा पुरावा मागतो. देव पुरावा मागत नाही, त्याला मूठ उघडून दाखवावी लागत नाही.

विकणाऱ्याला दोष खरोखरच माहीत नसेल तर? अक्वायनस म्हणतात, त्याच्या माथी पाप नाही. पण कळल्यावर भरपाई करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. हाच नियम ते घेणाऱ्यालाही लावतात. दुकानदाराने चुकून महागातली गिटार कमी किमतीत दिली आणि ते आपल्या लक्षात आले, तर "त्याचे नशीब" म्हणून गप्प बसता येत नाही. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात असाच एक गिऱ्हाईक आहे. तो घेताना मालाला नावे ठेवतो आणि घरी जाऊन आपल्या सौद्याची बढाई मारतो. दोष लपवणे आणि नसलेला दोष काढणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

सर्वांत कठीण प्रसंग यापुढचा आहे. दुकानदार दाद देत नाही. मुलाचे पैसे अडकले आहेत. कोणीतरी सुचवतो, "चिरेवर पॉलिश मार आणि खालच्या वाडीतल्या पोराला विकून टाक. तुला फसवले, तूही सुटशील." हा सल्ला न्यायासारखा वाटतो, पण त्यात ज्याने फसवले तो मोकळाच राहतो आणि ज्याचा काही संबंध नाही तो भरडला जातो. माझ्यावर झालेला अन्याय मला तिसऱ्यावर अन्याय करण्याचा हक्क देत नाही.

दुसरा कोणी म्हणतो, "चर्चला दान देऊन टाक." मलाखी संदेष्ट्याने वेदीवर लंगडी, आजारी जनावरे आणणाऱ्यांना विचारले होते की, असली भेट तुम्ही तुमच्या सुभेदाराला द्याल का? दोष सांगून, दुरुस्त करून दिलेली गिटार देवाला निश्चितच चालेल. तडा झाकून, वर देणगीदाराचे नाव कोरून दिलेली मात्र नाही.

मग करावे काय? मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने क्रम सांगितला आहे. आधी एकट्याने जाऊन बोलावे, मग साक्षीदार न्यावेत, मग मंडळीपुढे जावे. दुकानदाराकडे पावती घेऊन शांतपणे जावे, चीर दाखवावी, त्याचेही ऐकावे. ऐकले नाही तर जाणत्या माणसाला सोबत न्यावे. तरीही उपयोग झाला नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते. क्षमा करणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. मनात सूड न ठेवता हक्क मागता येतो.

आणि एवढे करूनही काही मिळाले नाही तर? तर चीर सांगून, मिळेल त्या किमतीला गिटार विकावी, नाहीतर चांगल्या कारागिराकडून सांधून वाजवावी. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत तून लाकूड आणि भोपळ्यापासून सतार-तंबोरे घडवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथल्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सांधलेले वाद्यही सुरात बोलते हे अशा कारागिरांना चांगले ठाऊक असते. नुकसान तर होईलच. त्या मुलासाठी ते लहान नाही, त्याने वर्षभर पैसे साठवले आहेत. पण ते नुकसान त्याच्यापाशी थांबेल, पुढच्या घरी जाणार नाही.

जक्कयाने येशूचे घरी स्वागत केले, तेव्हा ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याची तयारी त्याने दाखवली. पापनिवेदनाला जाताना आपणही एवढे आठवू या: आपण विकलेली म्हैस, मोटारसायकल, जमिनीचा तुकडा, धान्याचे पोते, यांतली कोणती खोड आपण सांगायची ठेवली आहे? ज्याला विकले त्याचे घर अजून तिथेच असेल, तर वाट लांब नाही.