रंगगृहाचे ऋण
हौशी नाट्यमंडळाने आपले छोटे रंगगृह टिकावे म्हणून मदतीचा प्रयोग लावला, तर कला हे साध्य न राहता निधीचे साधन होते काय, हा प्रश्न विचारार्ह आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तील पहिल्या अध्यायानुसार प्रयोग आधी झाला आणि विघ्नांनी त्यात अडथळा आणल्यावर ब्रह्मदेवाच्या आज्ञेने विश्वकर्म्याने नाट्यगृह उभारले, म्हणजे वास्तू हे मुळात प्रयोगाचे कवच होय, आणि तिसऱ्या अध्यायातील रंगदैवतपूजनाने, अर्थात रंगस्थानाच्या देवतांच्या पूजेने, त्या कवचालाही पावित्र्य लाभते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा अर्थ देव आणि मानव यांचे परस्परपोषण असा येतो. त्या न्यायाने कवच राखणारा प्रयोग हे ऋणमोचनच ठरते, मात्र तो कसदार नसेल, तर प्रेक्षकाचे तिकीट आहुती न होता भिक्षा होते.