दुभाष्याचे काम



गेल्या नाताळात एका फ्लेक्सवरून आपल्या युवा मंडळात दोन दिवस बोलणे बंद होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाळ येशू कोपऱ्यात, तळहाताएवढा. उरलेल्या जागेत पदाधिकाऱ्यांचे फोटो. कोणाचा फोटो वर आणि कोणाचा खाली, एवढ्यावरून वाद झाला. त्या वेळी मी हसून सोडून दिले. नंतर वाटले, हसण्यासारखे त्यात काही नव्हते. ही मुले वाईट नाहीत. रात्री उशिरापर्यंत जागून चर्चला रंग त्यांनीच दिला. आईबाप ऊसतोडीला गेले की घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना गाडीवर बसवून मिस्साला आणतात, तीही हीच मुले. म्हणून तर प्रश्न अवघड होतो. चांगले काम करता करता ते कामच करणाऱ्याला बिघडवते, हे कसे घडते?

सेवेत पडलेल्या तरुणांसाठीचे काही धोके सगळ्यांना माहीत असतात. पैसे एकट्याने हाताळू नयेत, दानपेटी दोघांनी मिळून मोजावी. लहान मुलांचा वर्ग दार उघडे ठेवून घ्यावा. रागाच्या भरात मोबाईलवर काही लिहू नये. हे नियम आहेत, ते पाळता येतात, आणि न पाळणाऱ्याला विचारताही येते. पण काम हळूहळू 'देवाचे' राहत नाही, 'माझे' होते, त्याला नियम कुठला लावणार? तो बदल दिसत नाही. बाहेरून सगळे तेच असते. तीच प्रार्थना, तीच गाणी, तीच धावपळ.

संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन गोष्टी जवळजवळ येतात. चौथ्या अध्यायात तो तीमथ्याला सांगतो की, तू तरुण आहेस म्हणून कोणी तुला हलके लेखू नये. त्याच्या आधी, तिसऱ्या अध्यायात मात्र ख्रिस्तसभेचा अध्यक्ष नवशिका नसावा, नाहीतर तो गर्वाने फुगेल, असा इशारा आहे. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ 'नव्याने लावलेला' असा होतो. रोपाला वापरावा तसा शब्द. आपल्याकडे केळी लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. वाऱ्याने झाड आडवे होते ते बहुधा घड भरत आल्यावर. बांबूचा टेकू द्यावा लागतो तोही तेव्हाच. तरुण सेवकाचेही तसेच आहे. काम जमत नाही तोवर तो प्रार्थना करतो, लोकांना विचारतो. काम जमू लागले की विचारणे बंद होते.

सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवत. तरुणाला नीतिशास्त्र ऐकून फारसा उपयोग होत नाही, असे त्याचे म्हणणे, कारण त्याला आयुष्याचा अनुभव नसतो. वर्गात आम्हाला त्याचा राग यायचा. पण पुढे तो असेही म्हणतो की, वय कोवळे असो वा स्वभाव, दोष वर्षांचा नाही. मनात येईल तसे वागण्याचा आहे. आता चाळिशी ओलांडल्यावर हे दुसरे म्हणणे मला अधिक बोचते.

आपल्या महाराष्ट्रातला एक तरुण मला या बाबतीत नेहमी आठवतो. वसईचा संत गोन्सालो गार्सिया. जन्म १५५६ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आणि सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. त्याला येशूसंघात यायचे होते. घेतले नाही. आपल्यापैकी कितीतरी जण एवढ्यावर चर्चची पायरी चढायचे थांबले असते! त्याने काही वर्षे व्यापार केला, मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात शिरला. तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा व्रतस्थ बंधू म्हणून. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला निघाले तेव्हा भाषा येणारा म्हणून गोन्सालोला बरोबर नेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे तो दुभाष्या म्हणून उभा राहिला.

दुभाष्याच्या कामाचा जरा विचार करा. बोलणाऱ्याला समोरच्याची भाषा येत नाही, समोरच्याला बोलणाऱ्याची येत नाही. दोघांच्या मध्ये हा एकटा. दोघांनाही त्याच्यावाचून गत्यंतर नाही. एखादे वाक्य स्वतःच्या पदरचे घातले, एखादे गाळले, तर कोण पकडणार? सगळी सत्ता हातात, आणि शब्द एकही स्वतःचा नाही. सुवार्तेची सेवा याहून वेगळी नाही असे मला वाटते. वस्तीत प्रार्थना घेणारा मुलगा किंवा मुलगी लोकांना देवाचे ऐकवते आणि लोकांचे देवापुढे ठेवते. मधेच स्वतःचे काही घुसवण्याचा मोह तिथेच असतो.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रूसावर चढवले, त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये सर्वांना संतपद मिळाले. रोमच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीचा दिवस 'संत पौल मिकी आणि सोबती' यांचा म्हणून येतो. आपला वसईकर त्या 'सोबती'मध्ये आहे.

माझेही सांगतो. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या नेमणुकीत मी एका वस्तीत संध्याकाळची प्रार्थना सुरू केली. गाणी मी निवडायचो, वाचन मी करायचो, ढोलकी कोणी वाजवायची तेही मीच ठरवायचो. लोक भरपूर यायचे. माझी बदली झाली. वर्षभराने गेलो तर खोलीला कुलूप. एक आजी म्हणाली, "फादर, तुम्ही गेलात अन् आमची प्रार्थनाबी गेली." मला भरून आले. ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षे लोकांना अभिमानाने सांगत होतो. ती तक्रार होती, हे कळायला फार वेळ लागला.

संत ऑगस्टीनने बिशप झाल्यानंतरही कबूल केले आहे की, स्तुतीची हाव आपल्याला सुटलेली नाही, आणि स्तुती नको म्हणण्यातही माणूस स्तुतीच शोधतो. तेव्हा 'मला काही येत नाही, मला पुढे करू नका' असे म्हणणारे तरुण या रोगातून सुटले असे समजू नका. संत थॉमस अक्विनस अशा संकोचाला दोषच म्हणतो. देवाने दिलेली ताकद लहान मनामुळे न वापरणारा हा त्याच्या मते दाखल्यातला नाणे जमिनीत पुरणारा चाकर आहे. आपल्या मंडळात फोटोसाठी भांडणारे चार आहेत, तर पुरून ठेवणारे दहा. त्या दहांची मला जास्त काळजी वाटते.

आणि ज्येष्ठांनो, थोडे आपल्याविषयीही. राजा रहबामाने वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारून बरोबरीच्या पोरांचे ऐकले आणि दहा वंश गमावले, ही गोष्ट आपण तरुणांना आवडीने सांगतो. पण त्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला होता तो लोकांचा सेवक होण्याचा. आपण देतो तो बहुतेक वेळा 'कालची पोरं, गप्प बसा' एवढाच असतो. तीमथ्याला पौलाने जे लिहिले, त्यात एक शब्द आपल्यासाठीही होता.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर युवा मंडळाची नवी समिती निवडायची आहे. प्रत्येक जबाबदारीसाठी दोन नावे द्या. एक काम जाणणाऱ्याचे, एक शिकणाऱ्याचे. सभागृहाची किल्ली गेली काही वर्षे माझ्याच खिशात असते. ती मी त्या दिवशी टेबलावर ठेवणार आहे.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू