जाती, उपाधी आणि आउगुस्ट झांडर यांची माणसे

माणसाकडे पाहणाऱ्याला नेमके काय दिसते, एकमेव अशी व्यक्ती की एखाद्या वर्गाचा नमुना, हा प्रश्न भारतीय आणि युरोपीय अशा दोन्ही तत्त्वपरंपरांनी शतकानुशतके हाताळला आहे. मात्र जर्मन छायाचित्रकार आउगुस्ट झांडर (1876–1964) यांनी तो ज्या चिकाटीने कॅमेऱ्यासमोर आणला, तशी चिकाटी अन्यत्र क्वचितच आढळते. ‘विसाव्या शतकातील माणसे’ या नावाखाली त्यांनी जर्मन समाजाच्या व्यक्तिचित्रांचा जो संग्रह अनेक दशके उभारला, त्याचे शेतकरी, कारागीर, स्त्री, वर्ग आणि व्यवसाय, कलावंत, महानगर आणि ‘अखेरची माणसे’ असे सात गट त्यांनी कल्पिले होते. चित्राखाली बहुधा व्यक्तीचे नाव नसे. धंदा, समाजातले स्थान, क्वचित गाव आणि वर्ष एवढीच नोंद असे. माणसाला खणांत बसवणारी ही योजना त्याचे माणूसपण हिरावून घेते, असा आक्षेप तिच्यावर सहज येतो, आणि त्याची तड लावल्याशिवाय झांडर यांच्या कलेचे मोल ठरवता येत नाही.

या कामी न्याय-वैशेषिक दर्शनाने केलेला एक भेद फार उपयोगी पडतो. अनेक गाईंमध्ये एकच आणि नित्य असे जे गोत्व असते, ज्याच्यामुळे प्रत्येक गाय ‘गाय’ म्हणून ओळखली जाते, त्याला हे दर्शन ‘सामान्य’ किंवा ‘जाती’ म्हणते. उलट दिङ्नागाच्या बौद्ध परंपरेत प्रत्यक्षाला केवळ ‘स्वलक्षण’, म्हणजे दुसऱ्या कशासारखी नसलेली एकेक वस्तू, तेवढीच लाभते, आणि सामान्य हे ‘अपोहा’ने, म्हणजे इतर सगळे वगळण्याच्या बुद्धिव्यापाराने, रचले जाते. परंतु नैयायिकांनीही प्रत्येक समान शब्दामागे जाती मानली नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त जाती मानण्याच्या आड येणारी सहा कारणे सांगितली असून, त्यांतले ‘संकर’ हे प्रस्तुत विषयाला विशेष लागू आहे: जे दोन धर्म कुठे एकमेकांवाचून आढळतात आणि कुठे एकाच ठिकाणी एकत्र येतात, त्यांना जातीचा दर्जा देता येत नाही. अशा धर्माला ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे वस्तूच्या स्वरूपाचा भाग नसलेले, कारणपरत्वे तिला चिकटलेले लक्षण. या चर्चेत वारंवार येणारे उदाहरण पाचकाचे, अर्थात आचाऱ्याचे, आहे. स्वयंपाकाची क्रिया किंवा ती करण्याची योग्यता ज्याच्या ठायी आहे तो पाचक. त्यासाठी पाचकत्व नावाची वेगळी नित्य जाती मानण्याचे कारण नाही, असा नैयायिकांचा कल दिसतो.

झांडर यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रांपैकी एक नेमके पाचकाचेच आहे. 1928 साली टिपलेला कोलोनचा हा मिठाई बनवणारा आचारी लांब पांढऱ्या कोटात, भटारखान्यात उभा आहे; एका हाताने त्याने मोठे भांडे धरले आहे, दुसऱ्या हातात ढवळण्याचे साधन आहे, आणि टक्कल पडलेले गोल मस्तक किंचितही न झुकवता तो थेट भिंगाकडे पाहतो आहे. कोट, भांडे आणि ढवळणे या तिन्ही गोष्टी धंद्याच्या, आणि त्यांच्यावरूनच त्याला आचारी म्हणता येते. पण त्या नजरेतली जरब आणि स्वतःच्या देहाविषयीची ती निःशंक प्रतिष्ठा कोणत्याही धंद्याच्या खात्यावर मांडता येत नाही. चित्राचा मथळा उपाधी सांगतो, आणि उपाधी धारण करणारा तिच्याहून मोठा आहे हे चित्र दाखवते. झांडर यांच्या उत्तम चित्रांचे बळ या अंतरात आहे, आणि ते अंतर दिसण्यासाठी मथळा इतका कोरडा असणे आवश्यकच होते.

झांडर यांचे आयुष्य पाहिले तर ही दृष्टी पुस्तकांतून आली नसावी असे वाटते. झीगरलांड या खाणींच्या प्रदेशातील हेरडॉर्फ गावी, खाणीत सुतारकाम करणाऱ्या बापाच्या घरी ते जन्मले, मुलगा असताना स्वतःही खाणीवर कामाला लागले आणि तिथे आलेल्या एका छायाचित्रकाराला मदत करताना त्यांना या कलेची ओढ लागली. ऑस्ट्रियातील लिंझ येथे त्यांनी स्टुडिओ चालवला आणि 1910 च्या सुमारास ते कोलोनला आले. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी सायकलवरून वेस्टरवाल्डच्या खेड्यांत जाताना शेतकऱ्यांची जी चित्रे त्यांनी काढली, तीच पुढे संपूर्ण संग्रहाची पायाभूत चित्रे ठरली. त्या काळच्या स्टुडिओंत चित्राला तैलचित्राची धूसर झाक देण्याची आणि सुरकुत्या पुसण्याची रीत होती. झांडर यांनीही ती काही वर्षे पाळली, परंतु 1920 च्या दशकात त्यांनी तांत्रिक छायाचित्रांसाठी वापरला जाणारा गुळगुळीत, चकचकीत कागद निवडला, ज्यावर चेहऱ्याचा प्रत्येक तपशील उमटतो. तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा, काचेच्या निगेटिव्ह, मिळेल तो नैसर्गिक प्रकाश आणि काही सेकंदांचे एक्स्पोजर ही त्यांची साधने जुन्या धाटणीची होती, आणि त्यांचा तात्त्विक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. इतका वेळ स्थिर राहायचे तर माणसाला आपण कसे उभे राहणार हे स्वतः ठरवावे लागते. त्याला बेसावध गाठता येत नाही. म्हणून ही चित्रे जेवढी झांडर यांनी काढलेली आहेत, तेवढीच समोरच्याने दिलेली आहेत.

1929 मध्ये 60 चित्रांचे ‘काळाचा चेहरा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत कादंबरीकार आल्फ्रेड ड्योब्लिन यांनी मध्ययुगीन युरोपातील याच वादाची, सामान्ये खरी की केवळ नावे या वादाची, आठवण करून दिली होती. त्याच काळात जर्मनीत चेहऱ्यांचे दुसऱ्या प्रकारचे संग्रहही होत होते. छायाचित्रकार एर्ना लेंडवाय-डिर्कसेन यांच्या ‘जर्मन लोकांचा चेहरा’ या पुस्तकमालेत शेतकऱ्याचा चेहरा रक्तातून आणि मातीतून उगवलेल्या वंशाची साक्ष म्हणून येतो. तिथे माणसाचे लक्षण त्याच्या कामातून घडत नाही, ते जन्माआधीच ठरलेले असते. नैयायिकांच्या परिभाषेत सांगायचे तर तिथे उपाधीला जाती मानण्याचा दोष घडतो, आणि नाझी वंशशास्त्राची सारी इमारत या एका दोषावर उभी होती. झांडर यांच्या पुस्तकात बेकार, फिरस्ते आणि क्रांतिकारक हे कारखानदारांच्या बरोबरीने बसले होते. 1936 मध्ये त्याचे छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले.

धंद्याचे लेबल किती सैल असते हे त्यांच्या 1914 च्या ‘तरुण शेतकरी’ या चित्रातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळत नाही. गर्द सूट, हॅट आणि काठ्या अशा थाटात नृत्याच्या कार्यक्रमाला निघालेले तीन तरुण वाटेत क्षणभर थांबून मागे वळून पाहतात. कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी या सुटांवर एक मर्मग्राही निबंध लिहिला आणि शेतीत घडलेल्या देहांवर शहरी कपडा कसा विजोड बसतो हे दाखवले. पुढील संशोधनातून मात्र असे निघाले की हे तिघे शेतकरी नव्हते, खाणीच्या नोकरीत होते. मथळा चुकला आणि चित्राचे काहीच बिघडले नाही. जाती चुकली असती तर ती वस्तूच वेगळी ठरली असती.

तरीही झांडर यांना पूर्णपणे दोषमुक्त ठरवता येत नाही. शेतकरी हा मूळ मनुष्य आणि महानगर ही ऱ्हासाची पायरी, अशी चक्राकार कल्पना त्यांच्या मांडणीत आहे, आणि ती त्यांच्याच चित्रांच्या विरोधात जाते. ‘अखेरची माणसे’ या गटात तर अंधत्व आणि आजार हेच माणसाचे नाव बनतात. ज्याने केले काहीच नाही, त्याच्यावर आलेली गोष्ट त्याचे स्वरूप म्हणून मांडली जाते. त्या गटातली अंध मुलांची चित्रे मायेने काढलेली आहेत, पण त्यांच्या जागेची निवड अन्यायाचीच म्हणावी लागते.

याच गटात झांडर यांनी आपल्या मुलाचा मृत्युमुखवटा ठेवला. एरिक हा डाव्या विचारांचा कार्यकर्ता 1934 मध्ये पकडला गेला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती पुरी होण्याच्या बेतात असताना 1944 मध्ये उपचारांवाचून तो तुरुंगातच मरण पावला. तुरुंगात असताना त्याने सोबतच्या राजकीय कैद्यांची चित्रे काढली होती; वडिलांनी ती आपल्या संग्रहात घेतली, आणि 1938 च्या सुमारास ओळखपत्रांसाठी आलेल्या कोलोनमधील ज्यूंची चित्रे ‘छळ झालेले’ या मथळ्याखाली महानगराच्या गटात समाविष्ट केली. त्याच संग्रहात गणवेशातले नाझीही आहेत, तितक्याच स्वच्छ प्रकाशात आणि तितक्याच शांत अंतरावरून पाहिलेले. मुलगा गमावलेल्या बापाने मारणाऱ्यांना हा मान का द्यावा, असा प्रश्न वाचकाला पडणे रास्त आहे. परंतु त्या चेहऱ्यांत राक्षसपण कोरले असते तर नाझी ही एक जन्मजात जाती ठरली असती, आणि जन्मजात गोष्टीचा जाब कोणालाही विचारता येत नाही. पाचक जसा पाकक्रियेमुळे पाचक, तसा गणवेशातला माणूस स्वतः अंगावर चढवलेल्या गणवेशामुळे आणि त्यात केलेल्या कृत्यांमुळे नाझी होतो. तो गणवेश नाकारणे त्याला शक्य होते, आणि एरिकने ते नाकारले होते.